केंद्रातल्या शिक्षकांसाठी दोन दिवसांची डिजिटल कार्यशाळा : काय ठेवू, काय गाळू?

खडूफळा
मंडळी, राम राम.

मी पारोळा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत आहे. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत दर वेळी एखादा 'तंत्रस्नेही' उभा राहतो, तास-दीड तास पीपीटी दाखवतो, बाकीचे खाली मान घालून यू-डायसची (शाळेच्या सरकारी नोंदींची) माहिती भरत बसतात आणि शेवटी हजेरीपटावर सह्या होतात. या वेळी केंद्रप्रमुख म्हणाले, दोन दिवस घ्या, पण प्रत्येकाच्या हातून काहीतरी करून घ्या. एवढं बोलून माळ माझ्याच गळ्यात घातली.

परिस्थिती अशी. तीसेक शिक्षक, नुकते लागलेल्यांपासून निवृत्तीला टेकलेल्यांपर्यंत. फोन सगळ्यांकडे, लॅपटॉप चार-पाच. लोकवर्गणीतून घेतलेला एक स्मार्ट टीव्ही. नेट म्हणजे कोणाचातरी हॉटस्पॉट.

मी काढलेली यादी : दीक्षा (सरकारचं अभ्यासाचं ॲप), कॅनव्हा (पोस्टर बनवायला), गूगल फॉर्म, व्हिडिओ एडिटिंग, क्यूआर कोड बनवणे, जिओजेब्रा (गणिताच्या आकृत्यांचं ॲप), थोडं एआय. दोन दिवसांत बसेल का? ज्यांनी अशा कार्यशाळा घेतल्या किंवा भोगल्या आहेत त्यांनी मोकळेपणाने लिहा.

ओटीजी_केबल
यादीतलं एक ठेवा. बाकी सहा पुढच्या सहा परिषदांना.

वरणबट्टी
जेवणाचा बेत आधी सांगा, मग कार्यशाळा यशस्वी होईल की नाही ते सांगतो.

तापीकाठ
ओटीजीभाऊंशी सहमत, पण जरा सविस्तर लिहितो. मी शिरपूरकडे माध्यमिकला विज्ञान शिकवतो.

सात-आठ ॲप एका दिवसात दाखवणाऱ्या कार्यशाळेला मी बसलो आहे. सगळ्यांनी सगळी ॲप उतरवून घेतली, लॉगिन केले, पासवर्ड डायरीत लिहिले. पुढच्या महिन्यात फोनची जागा भरली म्हणून तीच ॲप उडवली. चूक कोणाची म्हणायची? ॲप वाईट नव्हती. पण सोमवारी सातवीच्या वर्गात जाऊन त्यांचं काय करायचं, हे कोणी विचारलंच नव्हतं.

उलट एका कार्यशाळेचा निरोप असा आला होता : पुढच्या आठवड्यात जो पाठ शिकवणार आहात त्याचं पुस्तक सोबत आणा, मुलं जिथे अडतात त्या ओळीखाली रेघ मारून आणा. बस. पहिला तास सगळ्यांनी फक्त आपापली रेघ वाचून दाखवली. टीव्ही बंदच होता. मग ज्याची अडचण विद्युत परिपथाची, त्याला फेटचं सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून बघायचा प्रयोग. ज्याची कोनांची, त्याला जिओजेब्रा. ज्याची कवितेच्या चालीची, त्याला फोनमधला रेकॉर्डर. दुपारपर्यंत प्रत्येकाकडे दहा मिनिटांचं का होईना, स्वतःच्या पाठाचं काहीतरी तयार होतं.

फेटबद्दल थोडं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेल्या कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये हे काम सुरू केलं. मोफत आहे, बरीच सिम्युलेशन मराठीतही आहेत, आणि मुख्य म्हणजे एकदा उतरवून ठेवली की नेट लागत नाही. परिपथ जोडताना मुलगा चुकला तर सेल पडद्यावर पेट घेतो. वर्गात त्याच्यासाठी चक्क टाळ्या पडतात. तरी खरा सेल, खरी वायर आणि खरा बल्ब टेबलावर हवाच. आधी हाताने जोडा, मग पडद्यावर इलेक्ट्रॉन वाहताना बघा. हा क्रम उलटा केला की मुलांना तो गेम वाटतो.

निवृत्त_गुरुजी
मी जुना माणूस, थोडा विरोधी सूर लावतो.

पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी सुरू झाली तेव्हाही हेच ऐकलं होतं, की आता दूरदर्शन गुरुजींच्या मदतीला येणार. कार्यक्रम चांगले असत. पण आमच्या शाळेतला संच लोखंडी पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या कमरेला. कार्यक्रमाच्या वेळेला वीज नसे, वीज असेल तेव्हा मुख्याध्यापक तालुक्याला. पुढे संगणक आले, त्यांच्यावर भरतकामाचे रुमाल आले. बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली, कोणाला पत्ताही लागला नाही.

आणि 'माध्यम' म्हणजे फक्त पडदा का? साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढत. रोज. त्याला ना चार्जर लागत होता, ना प्रशिक्षण.

मीटर_रीडर
गुरुजी, रुमालावरून आठवलं. आमच्याकडे अजून आहे तो. मोर आणि 'सुस्वागतम'.

खडूफळा
गुरुजी, दंडवत. किल्लीचा मुद्दा वर्मी लागला. आमचा टीव्हीही कार्यालयातच आहे, "चोरी होईल" म्हणून.

सातपुडा_वाट
धडगाव तालुक्यातून लिहितोय. म्हणजे लिहितोय घाटाच्या वळणावर, रेंज इथेच येते.

देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० मध्ये आमच्याच नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीला दिलं. डिजिटल म्हटलं की उद्घाटन आमच्याकडे आणि रेंज तुमच्याकडे, असा हिशोब आहे.

पण माझा मुद्दा रेंजचा नाही, भाषेचा आहे. माझ्या पहिलीतल्या मुलांच्या घरात पावरी बोलतात, शेजारच्या पाड्यात भिली. दीक्षावरचा व्हिडिओ लावला तर मुलं चित्र बघतात, हसतात, आणि प्रश्न विचारला की गप्प. त्यातली मराठी त्यांच्यासाठी परकीच. करोनात 'शाळा बंद पण शिक्षण सुरू' होतं तेव्हा तर फोनच नव्हते, मग आम्ही पाड्यावर जाऊन शिकवलं. तिथे एका आजीने वस्तू दाखवून शब्द सांगितले ते मी फोनवर रेकॉर्ड केले. तिथून सवय लागली. आता मुलांच्या पुस्तकातल्या चित्रांसाठी आमच्याकडे छोट्या छोट्या आवाजाच्या फाइल आहेत : आधी पावरी शब्द आजीच्या आवाजात, मग मराठी शब्द वर्गातल्याच एखाद्या मुलीच्या आवाजात. स्वतःचा आवाज स्पीकरमधून ऐकला की मूल पुन्हा बोलायला तयार होतं.

परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं त्याच्या बातम्या सगळ्यांनी क्यूआर कोडच्या केल्या. त्यांच्या वर्गातल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि त्यांनी पुस्तक त्या भाषेत नेलं, हा भाग मागे पडला. कोड काय, कोणीही छापेल.

म्हणून खडूफळा सर, व्हिडिओ एडिटिंग गाळा आणि आवाज रेकॉर्ड करणं ठेवा. खर्च शून्य. शिकवायचं एवढंच : पंखा बंद, फोन तोंडापासून हातभर लांब, खोलीत गोधड्या टांगल्या तर घुमत नाही, फाइलला नीट नाव, आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आवाज दबतो.

अहिराणी_पोऱ्या
सातपुडा भाऊ, बठ्ठं खरं शे. आमचा अनुभव व्हॉइस टायपिंगचा. गूगलला म्हटलं, "काय करी राहिना भो?" त्याने काय लिहावं? "कायद्याने राहीना बहू." आमच्या बाईंनी ते तसंच ग्रुपवर टाकलं.

मीटर_रीडर
कायद्याने राहीना बहू, हे तर घरोघरी आहे.

बीएड_बाई
चर्चा छान चाललीय. मी अध्यापक महाविद्यालयात शिकवते. तापीकाठ सरांनी जे सांगितलं त्याला आमच्या क्षेत्रात नाव आहे, टीपॅक. मिश्रा आणि कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेली चौकट...

वरणबट्टी
मॅडम, मराठीत.

बीएड_बाई
बरं! विषय माहीत असणं, तो शिकवायचा कसा हे माहीत असणं आणि साधन वापरता येणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली प्रशिक्षणं तिसरी गोष्ट एकटीच शिकवतात. परिमिती आणि क्षेत्रफळ घ्या. मुलं दोन्हींची गल्लत करतात हे शिक्षकाला वर्गातून कळलेलं असतं. जिओजेब्रात परिमिती तीच ठेवून आयत ओढत ओढत चपटा करत गेलं की क्षेत्रफळ घटत जाताना दिसतं. तिथे साधन कामाला आलं. पण कॅनव्हात 'परिमिती' असं रंगीत अक्षरांत लिहिलेलं पोस्टर करून काय साधलं?

नुसती यंत्रं वाटून काही होत नाही याचा मोठा दाखला पेरू देशाचा आहे. तिथे सरकारने मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास होऊन २०१२ मध्ये निष्कर्ष आला, की गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडल्याचं दिसत नाही.

केळीवाला_रावेर
आमच्याकडे केळी, हे पेरू कुठून आले?

चाळीसगावकर
कॅनव्हाला एवढं झोडपू नका. माझ्या वर्गातल्या मुलींनी पाणी बचतीची पत्रकं त्यावर केली, गावात वाटली. पोस्टर शिक्षकाने केलं तर सजावट, मुलांनी केलं तर काम. सगळा डिजिटल मामला शिक्षकाने बनवायचा आणि मुलांनी बघायचा, हे गृहीतच मला पटत नाही. दोन दिवसांतले दोन तास तरी शिक्षकांनी विद्यार्थी होऊन बघावेत.

अवांतर : आमच्या तालुक्यात पाटणादेवीजवळ शिलालेख आहे, शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ च्या आसपासचा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या राजाने त्याला दान दिलं, अशी त्यात नोंद आहे. खान्देशातली ही जुनी अनुदानित संस्था! सहल न्या, मुलांना फोन द्या. एका गटाने फोटो, एकाने वाटेवरच्या लोकांच्या मुलाखती, एकाने नकाशा. परत आल्यावर वर्गात जोडणी. कार्यशाळेतही हेच करून बघता येईल, गावातली विहीर किंवा गढी घेऊन.

मीटर_रीडर
१२०७ मध्ये अनुदान वेळेवर यायचं का, ते लिहिलंय का शिलालेखात?

धुळ्याची_ताई
खूप पुरुष मंडळी बोलली, आता मी बोलते.

कार्यशाळेत गट पाडले की लॅपटॉप आपोआप एखाद्या सरांपुढे सरकतो आणि मॅडम वहीत टिपणं काढत बसतात. कोणी मुद्दाम करत नाही, पण होतं. ज्याला येतं तोच करत राहतो, ज्याला येत नाही तो "वा, वा" करतो. मी मार्गदर्शक असते तेव्हा दोन नियम सांगते. माउस धरायचा तो ज्याला सगळ्यात कमी येतं त्याने. आणि मदत करणाऱ्याने हात पाठीमागे बांधायचे, तोंडाने सांगायचं. पहिला अर्धा तास फार चिडचिड होते. "अहो मॅडम द्या इकडे, दोन मिनिटांत करून देतो" असं किमान पाच जण म्हणतात. द्यायचं नाही.

दुसरं, फोटो. मुलांचे व्हिडिओ काढून स्टेटसला, यूट्यूबला टाकायची जी हौस आलीय तिच्यावर कार्यशाळेत बोलाच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. कायदा सोडा, पाढे चुकलेल्या मुलाचा व्हिडिओ गावभर फिरला तर ते मूल पुन्हा फळ्यासमोर येईल का?

सातपुडा_वाट
ताई, पटलं. आमच्या फाइल शाळेच्या पेनड्राइव्हच्या बाहेर जात नाहीत. आजीलाही आधी ऐकवलं, मग वापरलं.

तापीकाठ
फोटोच्या बाबतीत थोडा असहमत. वरून पुरावे मागतात. "उपक्रमाचे फोटो व लिंक पाठवा" असा निरोप संध्याकाळी येतो आणि रात्री आठची मुदत असते. शिक्षक हौसेने टाकत नाहीत, सगळेच तरी नाही.

धुळ्याची_ताई
मग पाठमोरे काढा, हातांचे काढा, वहीचे काढा. पुरावा वहीचाही चालतो. मी तेच पाठवते, आजवर कोणी परत केलं नाही.

ओटीजी_केबल
प्लिकर्स कोणी वापरलंय का? मुलांच्या हातात कागदी कार्ड, प्रत्येक कार्डावर वेगळं चौकोनी चित्र. कार्ड ज्या बाजूने वर धरलं ते उत्तर, अ, ब, क की ड. शिक्षकाने एकच फोन वर्गावरून फिरवायचा, कोणाचं बरोबर कोणाचं चूक लगेच दिसतं. मुलांना फोन लागत नाही. आपल्या शाळांसाठी याहून सोयीचं काही बघितलं नाही.

चाळीसगावकर
वापरतो. दोन सूचना. चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याला कार्ड वाचता येत नाही; जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. आणि मुलं बोटाने चित्र झाकतात, कडेला धरायची सवय लावा. हुशार पोरं शेजाऱ्याचं कार्ड कसं धरलंय ते बघायची, पण प्रत्येक कार्डावर अक्षरांची जागा वेगळी असते, त्यामुळे नक्कल फसते. फोनला थोडं नेट मात्र लागतं.

बीएड_बाई
यात शिक्षकाने प्रश्न कसा काढला हेच महत्त्वाचं. ३/४ आणि ३/५ मध्ये मोठा कोणता? चुकीचा पर्याय असा हवा की तो निवडणारं मूल काय विचार करतंय ते कळावं. कार्डांवर वीस मिनिटं घालवा, प्रश्नांवर दोन तास.

निवृत्त_गुरुजी
हे आवडलं. आम्ही पाटीवर उत्तर लिहून "पाट्या वर" म्हणत असू. तेच आहे, फक्त नोंद आपोआप राहते.

वरणबट्टी
गुरुजी पक्ष बदलत आहेत, नोंद घ्यावी.

निवृत्त_गुरुजी
नाही. पाट्या स्वस्त होत्या.

लेवा_भुसावळ
कोणी फॉन्टबद्दल बोललंच नाही. अर्ध्या शिक्षकांच्या प्रश्नपत्रिका कृतिदेव किंवा श्रीलिपीत आहेत. फोनवर उघडल्या की नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा. मग "फाइल खराब झाली" म्हणून पुन्हा टाइप. युनिकोड (सगळ्या फोन-संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरपद्धत) म्हणजे काय, फोनवर आणि संगणकावर मराठी कीबोर्ड कसा चालू करायचा, जुनी फाइल रूपांतरित कशी करायची, यावर एक तास द्याच. दिसायला बारीक काम, पण माझ्या केंद्रात याच तासाला सगळ्यात जास्त आशीर्वाद मिळाले.

आणि एप्रिल-मेमध्ये घेऊ नका हो. भुसावळच्या पंचेचाळीस अंशांत पत्र्याच्या खोलीत फोन तापून बंद पडतात, माणसं तर सोडाच.

अहिराणी_पोऱ्या
प्रशिक्षणाचं सांगू का? आमच्याकडे एक ऑनलाइन प्रशिक्षण होतं. व्हिडिओ म्यूट करून लावायचा, तोवर भाजी फोडणीला टाकायची, शेवटची प्रश्नावली ग्रुपवर आलेली असायचीच. प्रमाणपत्र चौकटीत लावण्याइतकं देखणं.

बीएड_बाई
नव्या शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासाला द्यावेत असं म्हटलंय. ते तास असे भाजीच्या फोडणीत जाणार असतील तर अवघड आहे. खडूफळा सर, तुम्ही प्रमाणपत्र दुसऱ्या दिवशी देऊच नका. महिन्याने पुन्हा अर्धा दिवस भेटा. वर्गात वापरून बघितलेलं जो घेऊन येईल, फसलेलं असलं तरी, त्याला द्या.

मीटर_रीडर
अर्धा दिवस, म्हणजे पुन्हा नाश्ता. बजेट?

खडूफळा
सगळं वाचून काढलं. आता असं ठरवतोय.

निरोपातच सांगणार : पुढच्या आठवड्याचा पाठ, अडणारी ओळ, आणि फोन रिकामा करून या. पहिल्या दिवशी सकाळी टीव्ही बंद, फक्त ओळी. नंतर युनिकोडचा एक तास. दुपारी आवाज, सातपुडा भाऊंची पद्धत, आणि आमच्याकडे अहिराणी असल्यामुळे अहिराणीतच. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लिकर्सचे प्रश्न, नंतर गणितवाल्यांना जिओजेब्रा, विज्ञानवाल्यांना फेट, बाकीचे चाळीसगावकरांच्या म्हणण्याप्रमाणे गावातल्या गढीवर. धुळ्याच्या ताईंचे दोन्ही नियम फळ्यावर.

गूगल फॉर्म, व्हिडिओ एडिटिंग, क्यूआर कोड गळाले. एआय गाळायला मन होत नाही, तरुण मंडळी त्याच्यासाठीच येणार आहेत.

तापीकाठ
एआय ठेवायचं तर अर्धा तास ठेवा आणि एकच काम द्या : त्याच्याकडून आपल्या पाठावर दहा प्रश्न काढून घ्या आणि त्यातले वर्गात विचारण्यासारखे नसलेले शोधा. खोडायला बसलं की शिक्षकाचा विषय बोलायला लागतो.

निवृत्त_गुरुजी
आणि टीव्ही कार्यालयातून वर्गात आणा. भिंतीला पक्का बसवा, किल्ली वर्गशिक्षकाकडे द्या. चोरी झाली तर पंचनामा करता येईल. धूळ बसली तर त्याचा पंचनामा कोणी करत नाही.

खडूफळा
मुख्याध्यापकांशी बोललो. भिंतीला बसवायला "हो" म्हणाले, किल्लीवर विचार करतो म्हणाले.

लेवा_भुसावळ
पेनड्राइव्ह आधी त्या टीव्हीवर लावून बघा, काही टीव्ही ठरावीक फॉरमॅटच वाचतात. सगळ्या फाइल दोन पेनड्राइव्हवर ठेवा. आणि तीस फोन चार्जिंगला लागणार, एक्सटेन्शन बोर्ड किती आहेत?

खडूफळा
दोन. त्यातला एक ग्रामपंचायतीचा.

ओटीजी_केबल
मी एरंडोलला असतो. चार बोर्ड आणि छापलेली प्लिकर्स कार्ड घेऊन येतो. तारीख टाका.

वरणबट्टी
बेत अजून कळला नाही.

खडूफळा
पहिल्या दिवशी खिचडी. शेवभाजी दुसऱ्या दिवशी, चार वाजता, सगळ्यांचं काम दाखवून झाल्यावर. आधी दिली तर माउस धरायला कोणी जागं राहणार नाही.